जंताचं औषध देऊनही शेळ्या पुन्हा पांढऱ्या का पडतात?

तक्रार दर वर्षी साधारण एकाच सुमाराला येते, पोळ्याच्या मागेपुढे. जूनमध्ये कळपाला जंताचं औषध पाजलं, ऑगस्टमध्ये कंपनी बदलून पुन्हा पाजलं, आणि तरीही दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, एक पाठ (न व्यायलेली तरुण शेळी) सकाळी उठलीच नाही, बाकीच्या खातायत पण अंगाला काही लागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यापेक्षा कडक औषध कोणतं?

कडक औषध हे बहुतेक वेळा उत्तर नसतं. त्याच्या मागे लागूनच अनेक कळप या फेऱ्यात अडकलेत. खाली ज्या क्रमाने तपासायला सांगतोय त्या क्रमानेच जा. मधलं काही गाळून थेट नवी बाटली आणायची घाई करू नका.

आधी जंत कोणता ते ठरवा

पावसाळ्यात शेळी पांढरी पडणं (म्हणजे रक्त कमी होऊन पापण्या, हिरड्या फिक्या होणं), जबड्याखाली सूज आणि अशक्तपणा हे तिन्ही एकत्र दिसले की पहिला संशय हिमॉन्कस कंटॉर्टस या गोल जंतावर घ्यायचा. हा शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. दगावलेल्या शेळीचं शवविच्छेदन लवकर झालं आणि ते पोट उघडलं, तर आतल्या अस्तराला चिकटलेले दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे बारीक जंत नुसत्या डोळ्यांना दिसतात. मादीच्या अंगात रक्ताने भरलेलं आतडं आणि पांढरं अंडाशय एकमेकांभोवती गुंडाळलेलं असतं, त्यामुळे तिच्यावर लाल-पांढरा पीळ दिसतो. एकदा पाहिलं की विसरत नाही.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका शेळीत हजार जंत असणं पावसाळ्यात नवलाचं नाही, म्हणजे दिवसाला ५० मिली. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त पावणेदोन लिटरच्या आसपास असतं. महिनाभर हा हिशेब चालू राहिला तर तिच्या अंगात आहे जवळपास तेवढं रक्त जंतांनी नेलेलं असतं. ती जगते ते केवळ नवं रक्त तयार करत राहते म्हणून, आणि ते तयार करायला तिला प्रथिनं लागतात. चाऱ्याचा मुद्दा पुढे येतो तो याच कारणाने.

इथे एक गोष्ट अनेकांना फसवते. या जंताने सहसा हगवण लागत नाही. लेंड्या घट्ट, गोल, नेहमीसारख्याच असतात. "लेंडी चांगली आहे म्हणजे पोटात जंत नाहीत" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी लेंडीबद्दल विचारायच्या आधी डोळा उघडून बघायला सांगतो. उलट लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की लोक घाबरून धावत येतात. ते पट्टकृमीचे तुकडे, आणि मोठ्या शेळीला त्यांचा त्रास तुलनेने फारच कमी.

हीच लक्षणं दुसऱ्या कारणांनीही दिसू शकतात. कॅनॉलच्या कडेला, भातखाचरात किंवा तळ्याकाठी चरणाऱ्या कळपात यकृतातला पर्णकृमी असू शकतो. त्याचा प्रसार गोगलगायीतून होतो, आणि त्यातही जबड्याखाली पाणी उतरतं. तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या करडांना रक्ताळ, घाण वासाची हगवण लागली असेल तर ते बहुधा कॉक्सिडिया. तो जंतच नव्हे, त्यामुळे जंतनाशकाच्या कितीही बाटल्या रिकाम्या केल्या तरी त्याला फरक पडत नाही. बंदिस्त, ओल्या आणि दाटीच्या गोठ्यात हा जास्त. मोठी शेळी भरपूर खाऊनही महिनोन्‌महिने झिजत असेल आणि कशालाच दाद देत नसेल तर जॉन्सच्या आजाराची (आतड्याचा एक जुनाट जिवाणूजन्य रोग) तपासणी करून घ्या. अंगावर उवा-गोचिडांचा भडिमार असेल तर नुसत्या त्यानेही शेळी फिकी पडते. वेगळा आजार असेल तर इथून पुढचं तुमच्या कामाचं नाही, म्हणून हे आधी.

डोळा बघायची रीत

दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात पशुवैद्य फाफा मलान यांच्या कल्पनेतून फमाचा नावाचा एक रंगतक्ता तयार झाला. खालच्या पापणीच्या आतल्या अस्तराचा रंग तक्त्याशी जुळवायचा. १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे जवळजवळ पांढरं. मेंढ्यांसाठी बनलेली ही पद्धत नंतर शेळ्यांवरही पडताळली गेली.

करताना उजेडात उभे राहा, गोठ्याच्या सावलीत नको. एका अंगठ्याने वरची पापणी बंद करून बुबुळावर अगदी हलका दाब द्या, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतलं अस्तर बाहेर डोकावतं. कोपऱ्यातला तिसऱ्या पापणीचा पडदा पाहू नका, पापणीचंच अस्तर पाहा. दोन-तीन सेकंदांत ठरवा, कारण जास्त वेळ ओढून धरलं तर रंग बदलतो. दोन्ही डोळे पाहा, वेगळे वाटले तर फिका असेल तो धरा. डोळे आलेले असतील किंवा धुळीने लाल झाले असतील तर हा अंदाज चुकतो, तेव्हा हिरड्या पाहा.

शेळ्यांमध्ये ३, ४ आणि ५ रंगाला औषध द्यायचं. १ आणि २ ला नाही. हे "नाही" लोकांना पचत नाही, त्याकडे नंतर येतो.

पापणी पूर्ण पांढरी असलेल्या शेळीला कळपामागे चालवू नका, पकडायला पळवू तर मुळीच नका. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायची ताकदच उरलेली नसते, पन्नास पावलं पळाली तरी जागेवर कोसळते. पाणी, पाला तिच्यापाशी न्या आणि डॉक्टरांना तिथेच बोलवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. अशा शेळीला जंतनाशकाच्या जोडीला रक्तवाढीचा उपचार लागतो, कधी दुसऱ्या शेळीचं रक्तही चढवावं लागतं.

औषध पोटात पुरेसं गेलं का?

"औषध चालत नाही" या तक्रारींतल्या बऱ्याच या पायरीवरच सुटतात.

पहिली गोष्ट वजन. नजरेने अंदाज घेतला की पंचवीसची शेळी अठराची वाटते, पावसात केस बसलेले असले की आणखीच. ताणकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून पाठीमागच्या हाडापर्यंतची लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोतलं वजन. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर शेळी जवळपास ३१ किलोची निघते. सगळ्या कळपाला एकच डोस द्यायचाच असेल तर तो सरासरी वजनावर काढू नका. सरासरीवर काढला की जड शेळ्यांना कमी पडतो, आणि कमी पडलेला डोस हा जंतांना औषधाची सवय लावायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट बाटलीवरची टक्केवारी. अल्बेंडाझोल बाजारात अडीच टक्क्यांचंही मिळतं आणि दहा टक्क्यांचंही. अडीच टक्के म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम, दहा टक्के म्हणजे १००. डॉक्टरांनी तीस किलोच्या शेळीला ३०० मिलिग्रॅम सांगितलं असेल तर एका बाटलीतून १२ मिली जातं आणि दुसरीतून ३ मिली. गेल्या वर्षीच्या सवयीने तेवढंच माप भरलं की एकतर चौथाई डोस जातो नाहीतर चौपट. शिवाय ही औषधं तळाला बसतात. बाटली नीट हलवली नाही तर पहिल्या दहा शेळ्यांना पाणी आणि शेवटच्या पाचांना गाळ, असा प्रकार होतो.

तिसरी गोष्ट, शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर काढतं. म्हणून अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांसारख्या औषधांचा डोस शेळीला मेंढीच्या दीड ते दोन पट लागतो असं संशोधनात दिसलं आहे. लेबलवर मेंढी-शेळी एकत्र छापलेलं असतं आणि लोक मेंढीचाच डोस देत राहतात. पण हा गुणाकार सगळ्याच औषधांना लावू नका. लेव्हामिसोलची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे, जास्त झालं की शेळी लाळ गाळते आणि थरथरते. क्लोझँटेल जास्त गेलं तर शेळी आंधळी होऊ शकते, आणि ती दृष्टी परत येत नाही. गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल टाळायचं असतं. डोस डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

चौथी गोष्ट, औषध जिभेच्या मागच्या भागावर पडलं पाहिजे. ओठांपाशी सोडलं तर घशातून पोटापर्यंतची पन्हळ मिटू शकते, आणि औषध पहिल्या मोठ्या पोटाला वळसा घालून पुढे निघून जातं. पहिल्या पोटात साठून हळूहळू झिरपायला हवं ते झटकन वाहून जातं. निरोगी, गाभण नसलेल्या शेळीचा चारा आदल्या रात्री बंद ठेवला तर अल्बेंडाझोल गटाची औषधं जास्त वेळ पोटात राहतात. पाणी मात्र बंद करायचं नाही.

औषध खरंच चालतंय का, हे मोजा

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पैसे खर्च करायची पहिली जागा नवं औषध नाही, लेंडीची तपासणी आहे.

साध्या तपासणीत "जंताची अंडी आढळली" एवढंच लिहून येतं. त्याचा उपयोग थोडा, कारण चरणाऱ्या कुठल्याही शेळीच्या लेंडीत थोडीफार अंडी सापडणारच. मागायचा तो आकडा: एका ग्रॅम लेंडीत किती अंडी. त्यासाठी मॅकमास्टर पद्धत वापरतात, सिडनीच्या प्रयोगशाळेतल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये मांडलेली. लेंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवायची, रेघा आखलेल्या खास काचेत भरायची. अंडी तरंगून वर येतात, ती मोजून ठरलेल्या आकड्याने गुणायची. इतक्या वर्षांनंतरही यापेक्षा स्वस्त आणि कामाची पद्धत शेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथल्या महाविद्यालयांत परजीवीशास्त्राचे विभाग आहेत, पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे. जवळच्या दवाखान्यात विचारलं तर नमुना कुठे पाठवायचा ते सांगतात.

चाचणी अशी. गेल्या सहा-आठ आठवड्यांत औषध न दिलेल्या दहा-पंधरा शेळ्या निवडा. हातमोजा घालून प्रत्येकीच्या गुदद्वारातून ताजी लेंडी घ्या. जमिनीवरची उचलू नका, तिच्यात बाहेरचे सूक्ष्म जंत मिसळलेले असतात आणि ती कुणाची हेही कळत नाही. छोट्या प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बांधा, वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठवू नका. चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे, नाहीतर अंडी वाटेतच फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. त्याच दिवशी वजन करून अचूक डोस द्या. चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांचे नमुने पुन्हा पाठवा. लेव्हामिसोल दिलं असेल तर आठवड्यानेच.

समजा आधीची सरासरी १२०० अंडी होती आणि नंतर ४८० आली. म्हणजे घट ६० टक्के. कळपाकडे पाहून वाटेल की औषधाने फरक पडला, शेळ्या थोड्या तरतरीत दिसतील. पण घट ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या औषधाला तुमच्या कळपातले जंत दाद देईनासे झालेत असा संशय धरायचा. ६० टक्के म्हणजे संशयाला जागाच नाही. उरलेले ४० टक्के जंत आता तुमच्या रानात अंडी टाकतायत आणि पुढची पिढी त्यांचीच. दीड-दोन महिन्यांनी परत तीच तक्रार का येते, याचं उत्तर बऱ्याच कळपांत या एका आकड्यात असतं.

हे आजचं नाही. थायाबेंडाझोल हे अल्बेंडाझोलच्याच गटातलं जुनं जंतनाशक १९६१ मध्ये बाजारात आलं आणि तीन वर्षांत हिमॉन्कस त्याला दाद देत नसल्याचे अहवाल आले. भारतात मेंढ्यांमध्ये असा अहवाल १९७६ चा आहे. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये जनावरांसाठी आलं, जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, आणि त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. एवढं मोठं औषध, पण दहा वर्षं व्हायच्या आतच दक्षिण आफ्रिकेत हिमॉन्कसने त्यालाही हुलकावणी दिली. तेव्हा नवी बाटली आली की प्रश्न मिटेल, या आशेला इतिहासाचा आधार नाही.

आणि "कंपनी बदलून दिलं" यातली गफलत: अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली भावंडं आहेत. एकाला जंत दाद देत नसतील तर दुसऱ्यालाही बहुधा देणार नाहीत. ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं नाही. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. लेव्हामिसोल वेगळ्या गटातलं, आयव्हरमेक्टिन वेगळ्या, क्लोझँटेल आणि रॅफोक्सॅनाइड आणखी वेगळ्या. हे शेवटचे दोन मुख्यतः रक्त पिणाऱ्या जंतांवरच चालतात.

सगळ्या कळपाला एकदम पाजणं थांबवा

आता त्या "नाही" कडे. कळपातले जंत सगळ्या शेळ्यांत सारखे वाटलेले नसतात. साधारण पाचातल्या एका-दोन शेळ्यांच्या पोटात कळपातले बहुतेक जंत असतात, बाकीच्या थोड्या जंतांसह मजेत राहतात. सगळ्यांना औषध पाजलं की औषध लागू पडणारे साधे जंत मरतात आणि औषध पचवणारे तेवढे उरतात. त्यांच्याशी जुळायला साधे जंत शिल्लक राहत नाहीत, म्हणून पुढची सगळी पैदास पचवणाऱ्यांचीच. याउलट चांगल्या पापणीच्या शेळ्या तशाच सोडल्या तर त्यांच्या पोटातल्या साध्या जंतांची अंडी रानात पडत राहतात आणि पचवणाऱ्यांची संख्या पातळ होते. औषधाचं आयुष्य वाढतं.

याच हिशेबाने "औषध पाजून लगेच ताज्या रानात सोडा" हा सल्लाही घातक आहे. नव्या, स्वच्छ रानात पहिली अंडी पडतात ती औषधातून वाचलेल्या जंतांची. सोडायचंच असेल तर आधी नव्या रानात सोडा, दोन-चार दिवसांनी औषध द्या, किंवा काही तगड्या शेळ्यांना औषधाशिवाय ठेवा.

जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला पापण्या पाहा, झड लागलेली असेल तर आठवड्याला. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. एखाद्या फेरीत दहातल्या एकीपेक्षा जास्त शेळ्या ४ किंवा ५ निघाल्या तर रानात जंत फार झालेत असं समजा. मग पुढची पाहणी आठवड्याच्या आतच करा आणि चराईची जागा बदला.

जंत परत येतात कुठून

मादी जंत दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. ऊब आणि ओल मिळाली की पाच-सात दिवसांत त्यातून बाहेर आलेला सूक्ष्म जंत शेळीच्या पोटात जायला तयार होतो आणि गवताच्या ओलाव्यावरून वर चढतो. बहुतेक जमिनीपासून चार बोटांच्या आतच राहतात. पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत तोही अंडी घालू लागतो. म्हणजे औषधानंतर त्याच रानात सोडलं तर महिनाभरात गाडी मूळ पदावर. महिन्याला ५० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दिवसाचं तापमान १८ अंशांच्या वर, एवढं मिळालं की या जंताचं भागतं. मराठवाड्यात हे जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, कोकणात त्याहून सुखाचं. एप्रिल-मेच्या उन्हात रानातली अंडी करपतात. पण काही जंत तोपर्यंत शेळीच्या पोटात सुस्त पडून राहतात, आणि पावसाला किंवा शेळी व्यायच्या सुमाराला जागे होतात. व्यायलेल्या शेळीच्या लेंडीत अंडी एकदम वाढतात, आणि त्याच रानात तिची करडं पहिल्यांदा गवताला तोंड लावतात.

एका बंदिस्त गोठ्याचं उदाहरण सांगतो. माचाण उत्तम, चारा कापून आणलेला, तरी शेळ्या पांढऱ्या पडत होत्या. मोकळ्या आवारात पाण्याच्या टाकीचा कॉक गळत होता आणि त्याखाली दोन पावलं रुंदीचा हिरवागार पट्टा उगवला होता. सगळं आवार कोरडं, म्हणून सगळ्या शेळ्या पाणी पिऊन झालं की तिथेच कोवळी हरळी खुडायच्या, आणि लेंड्याही तिथेच. कॉक बदलला, मुरूम टाकला. तुमच्या गोठ्यात असा पट्टा कुठे आहे का ते आधी पाहा. ताजं लेंडीखत घातलेल्या तुकड्यातला ओला चारा जमिनीलगत कापून आणत असाल तर तेही याच जातीचं. खत कुजवून घाला आणि कापणी थोडी उंचावरून करा.

चरणाऱ्या कळपासाठी: दव उतरेपर्यंत सोडू नका. गवत चार बोटांच्या खाली गेलं की ते रान सोडा. एकाच तुकड्यावर चार दिवसांपेक्षा जास्त नको. पॅसिफिकमधल्या टोंगात १९९०च्या दशकात शेळ्यांवर प्रयोग झाला. दहा तुकडे, प्रत्येकात साडेतीन दिवस, आणि पहिल्या तुकड्यावर महिन्याभराने परत. दमट उष्ण हवेत तेवढ्यात रानातले बरेच जंत मरतात, अंड्यांचा आकडा खूप उतरला. गायरानावर चारणाऱ्याला दहा तुकडे कुठून आणायचे, हे मलाही कळतं. पण गाई-म्हशींच्या मागून शेळ्या सोडणं बहुतेकांना जमतं, आणि गुरांचे जंत शेळीत फारसे टिकत नाहीत, शेळीचे गुरांत नाहीत. मेंढ्यांच्या बाबतीत मात्र हा फायदा नाही, मेंढी आणि शेळीचे जंत एकच.

चारा

शेळी मुळात झाडपाला खाणारी. मान वर करून बोर, बाभूळ, अंजन, सुबाभूळ ओरबाडणाऱ्या शेळीच्या तोंडी जमिनीलगतचे जंत येतच नाहीत. बांधावरची झाडं तोडून तिला गवतावर आणलं की जंतांचा प्रश्न आपणच उभा करतो. शिवाय बाभळीसारख्या झाडांच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन हा तुरट घटक असतो. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत पेरूच्या पानांसह टॅनिनयुक्त पानांचं मिश्रण हिमॉन्कस झालेल्या मेंढ्यांना देऊन पाहिलं गेलं, जंतभार कमी झाल्याचं आढळलं. औषधाची जागा घेईल इतका हा परिणाम नसतो, पण पाला तसाही द्यायचाच आहे.

त्याहून मोठी गोष्ट प्रथिनांची. गाभण काळ १५० दिवसांचा. त्यातले शेवटचे सहा आठवडे आणि व्यायल्यानंतरचे दोन महिने शेळीला दिवसाला दोन-तीनशे ग्रॅम खुराक मिळाला पाहिजे: मका भरडा, त्यात सरकी किंवा शेंगदाणा पेंड, जोडीला तुरीचं भुसकट आणि खनिज मिश्रण. नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर आणि पावसाळी हिरव्या गवतावर ती पोट भरते, पण रक्त भरून काढायला लागणारं प्रथिन त्यात नसतं. चांगलं प्रथिन मिळालेल्या शेळ्या व्यायच्या काळात कमी अंडी टाकतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दोन बाटल्यांच्या पैशात पेंडीचं निम्मं पोतं येत असेल तर मी पेंड घेईन.

मोरचुदाचं (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पाणी पाजायचा सल्ला अजूनही फिरतो. देऊ नका. विशेषतः कळपात मेंढ्या असतील तर, कारण तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस अचानक जीव घेतं. वावडिंग, पळसाचं बी, कडुनिंब यांचा जंतांवर काही परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, पण पापणी ४-५ झालेल्या शेळीवर हे करून बघायची वेळ नसते. हिमॉन्कसवर ऑस्ट्रेलियात २०१४ पासून मेंढ्यांसाठी लस आहे. आपल्याकडच्या गोठ्याला तिचा आज उपयोग नाही.

बाजारातून आणलेली शेळी

वरचं सगळं नीट केलेल्या कळपात पुन्हा बिघाड झाला तर मी आधी विचारतो, बाहेरून काय आणलं? बाजारातली शेळी आपल्यासोबत दुसऱ्याच्या रानातले जंत आणते, आणि ते कोणत्या औषधाला सरावलेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आल्या आल्या वेगळ्या, कोरड्या जागेत बांधा, दोन वेगळ्या गटांची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या, दोन आठवड्यांनी लेंडी तपासा. आकडा शून्याच्या आसपास आला तरच कळपात सोडा. तोवरच्या तिच्या लेंड्या शेतात टाकू नका.

आणि वही ठेवा. बिल्ला नंबर, पापणीचा रंग, औषधाची तारीख, बस्स. दोन पावसाळ्यांत वही सांगते की तीच ती चार-पाच नावं परत परत येतायत. जंतांना तोंड द्यायची ताकद काही प्रमाणात वंशातून उतरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा संकर सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोळ जातीशी करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात गरोळ संकराची कोकरं जंतांना अधिक चिवट निघाली. तुम्हाला जात बदलायची गरज नाही, उस्मानाबादी चांगलीच आहे. पण ज्या शेळीला एका हंगामात तीनदा औषध लागलं ती विका, आणि तिच्या पोटचा बोकड कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नका. बोकड विकत घेताना विकणाऱ्याकडे त्याच्या आईची पापणी बघायला मागा. कळप दारातच असतो, दोन मिनिटांचं काम आहे.